तीन बोटं तोंडात जातात का?

विदर्भातल्या कुठल्याही गावच्या पानठेल्यावर जा आणि तिथं उभ्या असलेल्या मंडळींना सांगून पाहा की खर्र्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणानं, तोंडाचा कॅन्सर होतो. कुणीही वाद घालणार नाही. उलट दोघं-तिघं आपापल्या ओळखीतली माणसं मोजू लागतील. कुणाचा साळा, कुणाचा चुलतभाऊ, शेजारच्या गावचा माजी उपसरपंच. गाल कापला, जबडा काढला, नाकातल्या नळीनं पाजावं लागे, वर्षभरात गेला. हे सांगता सांगता सांगणारा प्लास्टिकची पन्नी सोडतो, चिमूटभर खर्रा गालफडात सारतो आणि म्हणतो, "आता काय करता भाऊ, आदत हाये."

म्हणजे जनजागृती झाली आहे. ती पुरेपूर झाली आहे, आणि तरीही आपण दरवर्षी ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, तीच परत करतो. उन्हाळी सुट्टीतही पोरं गोळा करायची, फलक घेऊन गावातून फेरी काढायची, शपथ द्यायची, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. पाहुण्यांच्या भाषणात एखादा शब्द जरा घोळून येतो, तो का घोळतो ते पहिल्या रांगेतल्या पोरांनाही कळतं. मला या कार्यक्रमांचा राग नाही. पण ज्या गोष्टीची कमतरता नाही तीच आपण पुन्हा पुन्हा पुरवतो आणि जी कमी आहे तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही, एवढंच माझं म्हणणं. कमी आहे ती एक साधी कृती : माणसाला तोंड उघडायला लावून आत बघणं.

प्रश्न केवढा आहे ते आधी. ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असावेत आणि जवळपास ८० हजार मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. महाराष्ट्राचं चित्र २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात आलं होतं. राज्यातले ३.८ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढतात आणि २४.४ टक्के तंबाखू चघळतात, घासतात किंवा गालात धरतात. धुराचा प्रश्न आपल्याकडं लहान आहे, गालाचा मोठा आहे. आणि नागपूरच्या पुढं भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडं निघालात, किंवा खाली यवतमाळ-वणीकडं वळलात, की त्या गालात बहुतेक करून खर्राच असतो.

बाहेरच्या वाचकांसाठी खर्रा म्हणजे काय तेही सांगायला हवं. बारीक कातरलेली सुपारी, त्यावर तंबाखू, बहुतेकदा सुगंधी, आणि बोटभर चुना. हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन ठेलेवाला ती पन्नी फळीवर तळहातानं रगडतो. याला घोटणं म्हणतात. चांगला घोटलेला खर्रा किंचित ओलसर, कोमट आणि एकजीव लागतो, आणि गिऱ्हाईक त्यासाठी पाच मिनिटं गप्पा मारत थांबतं. चुन्याचं काम नुसतं चवीचं नाही. चुन्याच्या क्षारानं तंबाखूतलं निकोटिन आणि सुपारीतलं अरेकोलिन मोकळं होतं आणि गालाच्या नाजूक अस्तरातून झपाट्यानं रक्तात जातं. म्हणून झटका लवकर बसतो. मग तो गोळा एकाच बाजूला, त्याच खाचेत, तासन् तास. आपल्याकडचा कॅन्सरही बहुधा त्याच खाचेत उगवतो, गाल आणि हिरडी यांच्या मधे.

आता या वस्तूला आपला कायदा कसा भिडतो ते बघण्यासारखं आहे. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के भागात सडलेल्या तोंडाचं चित्र छापणं २०१६ पासून बंधनकारक आहे. २०१८ पासून त्यावर व्यसनमुक्तीचा फोन क्रमांकही येतो, १८००-११-२३५६. खर्र्याला पाकीटच नाही. चित्र कशावर छापणार? ठेल्यावर आलेल्या मोठ्या पुड्यावर ते असतं, तो पुडा फळीखाली असतो, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती कोरी पारदर्शक पन्नी. ती पन्नीसुद्धा २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत बसते. म्हणजे बंदी असलेला माल बंदी असलेल्या वेष्टनात बांधून भर चौकात, ग्रामपंचायतीच्या समोर विकला जातो आणि संध्याकाळी त्या पन्न्या गायी खातात.

हो, खर्र्यावर बंदी आहे. जुलै २०१२ मध्ये राज्यानं गुटखा बंद केला, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा यांनाही त्यात ओढलं, आणि हे आदेश पुढं नव्यानं निघत राहिले. त्याच जुलै २०१२ मध्ये सरकारनं आणखी एक गोष्ट सुरू केली : गरिबांच्या मोठ्या आजारांचा खर्च उचलणारी जीवनदायी योजना. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे घेतले, त्यात आपले गडचिरोली आणि अमरावती होते. आज तीच योजना महात्मा फुलेंच्या नावानं चालते आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार देते. एकाच महिन्यात जन्मलेल्या या दोन जुळ्यांपैकी योजना जगली, वाढली. बंदी कागदावर राहिली. खर्रा खायला अडवणारं सरकार गावात फारसं दिसत नाही, गाल कापायचे पैसे देणारं सरकार मात्र दिसतं. योजनेबद्दल तक्रार नाही, ती नसती तर अर्ध्या घरांनी वावर विकलं असतं. पण या दोन टोकांच्या मधे काय आहे?

मधे बरीच वर्षं आहेत. माझ्या मते तोंडाच्या कॅन्सरविरुद्धची विदर्भातली सगळी लढाई त्या मधल्या वर्षांत लढायची आहे, आणि नेमकी तिथंच आपली फौज नाही.

खर्रा खाणाऱ्याचं तोंड एका दिवसात बिघडत नाही. सुपारीतल्या अरेकोलिननं गालाच्या अस्तराखाली तंतू साचू लागतात, मऊ गाल हळूहळू दोरखंडासारखा घट्ट होतो. आधी तिखट सोसवेनासं होतं. घरातल्या बाईला हे सगळ्यांत आधी कळतं, कारण नवरा किंवा पोरगा ताट सारून म्हणतो, "भाजी गंज तिखट केली, तोंड जळून राह्यलं," आणि भाजी तर रोजचीच असते. वडा-भात, पाटोडीचा रस्सा ज्या घरात चवीनं खातात तिथला पंचविशीतला पोरगा दही-भात मागू लागला तर ती त्याची आवड बदललेली नसते. पुढं जांभई पूर्ण देता येत नाही. मोठा घास, अख्खी पाणीपुरी तोंडात जात नाही. शिट्टी वाजत नाही. गालाच्या आत बोट फिरवलं तर ताठ पट्टे लागतात. या आजाराचं डॉक्टरी नाव लांबलचक आहे, पण त्याची परीक्षा अगदी साधी : स्वतःच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमधे घालायची. तीन बोटं गेली तर तोंड बहुधा नीट उघडतंय. दोनच जात असतील तर दवाखाना गाठायचा. एकच जात असेल तर उशीर झालेला आहे, तरीही गाठायचाच.

असं आखडलेलं तोंड म्हणजे कॅन्सर नव्हे. पण केरळात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा त्यांच्यातल्या ७.६ टक्क्यांना कॅन्सर झालेला दिसला. खर्रा सोडला तरी गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही, हे सरळ सांगायला हवं. आखडणं थांबू शकतं, व्यायामानं आणि उपचारानं थोडं मोकळं होऊ शकतं, आणि धोका घटतो. पण त्या माणसानं आयुष्यभर अधूनमधून तोंड दाखवत राहिलं पाहिजे. आखडलेल्या तोंडाशिवाय इतर खुणाही आहेत. पुसला न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे लाल मखमली चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ. सुरुवातीला यातलं बरंच दुखत नाही, आणि खरा घात तिथं होतो. दुखलं असतं तर आपला शेतकरीसुद्धा रोवणी टाकून दवाखान्यात गेला असता. दात हलतो म्हणून तो बाजाराच्या गावी जाऊन दात उपटून येतो, ती जागा भरत नाही, मग गोळ्या, मग कुणी सांगितलेला पाला, आणि असे चार-सहा महिने निघून जातात.

या काळात बघणारं कुणी असलं तर किती फरक पडतो, हे आपल्याच देशात मोजलं गेलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींत १९९६ पासून एक मोठी पाहणी झाली. सात पंचायतींत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरच्या लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली, सहा पंचायतींत नेहमीची व्यवस्था ठेवली. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये निष्कर्ष आले : तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणीच्या गावांत ३४ टक्क्यांनी कमी. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात ही घट २४ टक्के राहिली, पण सवय असलेल्यांपैकी ज्यांनी चारही फेऱ्यांत तोंड दाखवलं त्यांच्यात ती ८१ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्र नाही, रक्त नाही, औषध नाही. उजेड, बघायला शिकलेले डोळे आणि पुन्हा पुन्हा येणारं माणूस. ज्यांना सवय नव्हती त्यांना मात्र याचा फायदा दिसला नाही, आणि हेही आपल्या कामाचं आहे. सगळ्या गावाची तोंडं बघत बसायची गरज नाही, खर्रा-तंबाखू-दारूवाल्यांची बघितली तरी पुष्कळ.

मग आपल्याकडं हे होत नाही का? कागदावर होतं. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाबासोबत तोंडाच्या कॅन्सरचीही तपासणी करण्याच्या देशव्यापी कार्यक्रमाच्या सूचना २०१६ मध्येच निघाल्या आहेत. आशाताईच्या फॉर्ममध्ये तोंड उघडायला त्रास होतो का, न भरणारी जखम आहे का, चट्टा आहे का, असे अगदी नेमके प्रश्न छापलेले आहेत. फॉर्म करणाऱ्यानं डोकं लावून केलेला आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लोकांना विचारलं की आयुष्यात कधी कॅन्सरसाठी तुमचं तोंड तपासलं गेलं का, तेव्हा देशात हो म्हणणारे पुरुष होते १.२ टक्के आणि बाया ०.९ टक्के.

असं का होतं, हे मुंबईत बसून कळणार नाही, गावात कळतं. आशाताई ही गावाची सून असते. फॉर्म घेऊन ती ज्या घरात जाते तिथला माणूस नात्यानं तिचा जेठ लागतो, सासरा लागतो, काही नाही तर 'मामाजी' लागतो. ज्याच्यासमोर तिनं पंधरा वर्षं डोक्यावरचा पदर सावरला, त्याला ती "मामाजी, आ करा, खर्रा थुका, टॉर्च मारून बघते" असं कसं म्हणणार? म्हटलंच तर तो हसण्यावारी नेतो. "मले काही होऊन नाही राह्यलं बाई, तू लिही ना बरोबर हाये म्हणून." ती लिहिते. तिच्यामागं लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, टीबीच्या गोळ्या आहेत, मोबाइलवरचं ॲप आहे, आणि मोबदला कामागणिक. बरं, ज्या वेळी ती घरी जाते त्या वेळी तो बहुधा घरी नसतोच. वावरात असतो, नाहीतर ठेल्यावर. असे भरलेले रकाने वर जातात, जिल्ह्यात बेरीज होते, आणि तपासणीचं उद्दिष्ट गाठल्याचं पत्र येतं. यात मी आशाताईला दोष देत नाही. पुरुषाच्या तोंडाची जबाबदारी गावातल्या सगळ्यांत कमी अधिकार असलेल्या बाईवर टाकणाऱ्या नियोजनाला देतो.

म्हणून पहिला बदल जागेचा हवा. पुरुष जिथं आधीच जमतात तिथं तपासणी न्यायची : आठवडी बाजार, धान खरेदी केंद्र, जिनिंगच्या बाहेरची कापसाच्या गाड्यांची रांग, दूध संकलन, रेशन दुकान. धानाच्या किंवा कापसाच्या रांगेत माणूस तासन् तास रिकामा उभा असतो आणि त्या वेळात तीन-चार खर्रे संपवतो. तिथं एक टेबल, एक टॉर्च, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, हातमोजे, आणि बघायला उपकेंद्राचा समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्य सेवक, म्हणजे नात्यागोत्यात न अडकलेला माणूस. आशाताईनं यादी करावी, निरोप द्यावा, आणि बायांची तपासणी तिनं आणि परिचारिकेनं करावी. बायांचं म्हणतोय कारण ते विसरलं जातं. पूर्व विदर्भात नस आणि गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पूड आणि लगदा) घासणाऱ्या, रोवणीला कमरेला तंबाखूची डबी खोचून जाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. दात दुखतो म्हणून सुरुवात होते. पुरुषाची सवय चव्हाट्यावर असते, बाईची पदराआड, म्हणून तिची जखम आणखी उशिरा दिसते.

दुसरा बदल वयाचा. तीस वर्षांची अट मधुमेहासाठी ठीक असेल, खर्र्यासाठी ती खुळी आहे. आपल्याकडं खर्रा मिसरूड फुटायच्या आधी सुरू होतो. कसा होतो? "जा रे, ठेल्यावरून खर्रा आन," असं बाप सांगतो, आणि येता येता पोरगं चिमूटभर चाखून बघतं. पोराच्या हाती तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे त्या बापालाही माहीत नसतं आणि ठेलेवाल्यालाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नको असाही कायदा आहे. शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळेचा फलक असतो आणि ठेला रस्त्याच्या पलीकडं. बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू झालेल्या खर्र्यानं विशी-पंचविशीत तोंड आखडतं. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं बघा, छाती-उंची-दम सगळं रोज मोजतात, धावणं संपलं की पन्नी निघते. त्यांची तीन बोटं कुणी मोजत नाही. सरकारी यादीत हा पोरगा तिशीला येईल तेव्हा त्याचं तोंड तपासायचं, आणि पुन्हा पाच वर्षांनी. केरळात तीन वर्षांनी फेरी होती.

यासाठी नवी योजना काढायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघायला शाळेत येतातच, दातही बघतात. आठवीच्या पुढच्या प्रत्येक पोराची तीन बोटं बघायला अर्धं मिनिट लागत नाही. दोनच बोटं जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला भाषणाची गरज उरत नाही. त्याला पहिल्यांदा कळतं की ही गोष्ट म्हातारपणीची नाही, आत्ता त्याच्या गालात चालू आहे. शेजारच्या पोराच्या तोंडात तीन जातात आणि आपल्या तोंडात दोनच, हे त्याला पाकिटावरच्या चित्रापेक्षा जास्त घाबरवतं, असा माझा अनुभव आहे.

एका गोड समजुतीचं इथंच निपटतो. कित्येक जण तंबाखू सोडतात आणि सांगतात, "आता नुसती सुपारी खातो." डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली म्हणून खर्र्यातून तंबाखू काढून उरलेलं घोटून घेणारे मी पाहिले आहेत. सुपारी पूजेत असते, लग्न ठरताना असते, पाहुण्याच्या ताटलीत असते, तिच्याबद्दल वाईट येतच नाही मनात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनंच. लहान पोरांच्या हातातली एक-दोन रुपयांची गोड सुपारी ही खर्र्याची बालवाडी आहे. आणि नागपूर ही सुपारीची केवढी मोठी बाजारपेठ आहे, सडक्या सुपारीचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत कसं गेलं, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आहे. बंदी राबवायचीच असेल तर ती तिथं राबवा, गोदामात आणि ट्रकमध्ये. ठेल्यावरच्या पोराला महिन्यातून एकदा उचलायचं, चार पुडे जप्त करून बातमी द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच खर्रा पाच रुपयांनी महाग, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत.

ठेलेवाल्याच्या पोटाचा प्रश्न लोक काढतात, तो खोटा नाही. दीड-दोन एकर कोरडवाहू वावर, बारावी झालेला पोरगा, गावात दुसरा धंदा नाही. खर्र्यात फायदा आहे, कारण गिऱ्हाईक दिवसातून चारदा परत येतं. पण त्या गिऱ्हाइकाचाही हिशोब करा. वीस रुपयांचे तीन खर्रे धरले तर दिवसाचे साठ, वर्षाचे जवळपास २२ हजार. केंद्र आणि राज्य मिळून शेतकऱ्याला सन्मान निधीचे वर्षाला १२ हजार देतात. दोन्ही सरकारांचा सगळा सन्मान ठेल्यावर जमा करून वर दहा हजार घरचे घालावे लागतात. ठेला चहा-भज्यांवर चालतो की नाही, हे गावागणिक वेगळं आहे. मी त्याचं सोपं उत्तर देणार नाही.

बंदीबद्दल विदर्भाला कुणी शिकवायची गरज नाही. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत आहे, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूरनं २०१५ मध्ये बंदी आणली आणि २०२१ मध्ये ती उठली. तिन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला विचारा, तो सांगेल की बंदी सरकारच्या कागदानं टिकत नाही, गावातल्या बायांच्या जोरावर टिकते. गडचिरोलीत 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कामात हेच दिसलं : ज्या गावांनी ग्रामसभेत ठरवून खर्रा विक्री थांबवली तिथं ती थांबली, नुसता आदेश आला तिथं ती घरामागं गेली. पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर नियंत्रणाचा हक्क दिलेलाच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईटाला गावाबाहेर हाकलणारी मारबत काढताना आपली पोरं "खर्रा-दारू घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात, ते बरं वाटतं. पण त्याच गावात तेरवीच्या पंगतीनंतर ताटात खर्रे मांडून फिरवतात, आणि मेलेला माणूस तोंडाच्या कॅन्सरनं गेलेला असतो. हे ताट बंद करायला कायदा लागत नाही. यजमानानं हिंमत करायची असते, आणि एका घरानं केली की दुसऱ्याला सोपं जातं.

तपासणीवर एक आक्षेप खरा आहे. बघितलं, चट्टा सापडला, पुढं काय? गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाला नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस प्रवासात जातो. तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढायचा म्हटलं की घरातलं एक तरी माणूस सांगतं, "सुरी लावू नका, हवा लागली की पसरते." हे साफ खोटं आहे. पसरतं ते थांबल्यामुळं, तुकडा काढल्यामुळं नाही. नागपूरला मेडिकल आणि शासकीय दंत महाविद्यालय आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी. रुग्णालयं आहेत, वाटाड्या नाही. चिठ्ठी दिली म्हणजे रुग्ण पोचला असं आरोग्य खातं धरून चालतं. लहान चट्टा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकानं बघावा, तुकडा तिथंच किंवा जिल्ह्याला काढावा, अहवाल उपकेंद्रावर यावा, आणि तीन आठवड्यांत पोचला नाही तर त्याच्या दारात कुणीतरी जावं. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरमधून बहुसंख्य लोक वाचतात, एका ऑपरेशनवर भागतं. आपल्याकडं बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचतात.

आणि सोडायचं म्हणणाऱ्याला हात द्यायला हवा. खर्रा सोडला की पहिले काही दिवस डोकं भणभणतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. त्या दिवसांत माणूस परत ठेल्यावर जातो, मन कमकुवत म्हणून नव्हे, निकोटिनच्या ओढीनं. २०२२ पासून निकोटिनचे पर्यायी उपचार राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मागून पाहा आणि काय उत्तर मिळतं ते ऐका. आखडलेल्या तोंडाच्या माणसाला च्युइंगम चघळायला त्रास होईल, त्याला कातडीवर लावायची पट्टी लागेल. वरचा फोन क्रमांक पाकिटावर आहे म्हणून खर्रेवाल्याला दिसत नाही, तो निदान ठेल्याच्या फळीवर रंगवायला लावा. दारूसोबत खर्रा चालत असेल तर धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो, हेही त्याच वेळी सांगा.

येत्या ग्रामसभेत रस्ता, नाली, घरकुल हे विषय येतीलच. त्यांच्यासोबत उपकेंद्राच्या माणसाला उभं करून चार आकडे मागा. गावात खर्रा-तंबाखू खाणारे किती नोंदले. त्यातल्या किती जणांना प्रत्यक्ष तोंड उघडायला लावून आत पाहिलं. किती जणांची तीन बोटं जात नाहीत. आणि ज्यांना पुढं पाठवलं त्यातले किती जण डॉक्टरपर्यंत पोचले. पहिला आकडा बहुधा लगेच मिळेल. बाकीच्या तिघांसाठी तारीख मागून घ्या आणि ती कार्यवृत्तात लिहून घ्या.